अर्ध्या गुणाचा दरवाजा

घरगाडी दारात येऊन उभी राहिली तेव्हा सुताराने तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि तिसऱ्या फेरीला खिशातून टेप काढली. गाडीच्या काचेवर ठळक अक्षरांत ‘उंची दहा फूट दोन इंच’ असं लिहिलेलं होतं. तरी त्याने शिडी लावून मोजली. दहा फूट दोन इंचच भरली. मग आतला पलंग मोजला, तो त्याच्या स्वतःच्या उंचीपेक्षा चार इंच आखूड निघाला. ओटा मोजला, संडासाचं दार मोजलं. दुसऱ्याने घेतलेलं माप म्हणजे दुसऱ्याचा चष्मा, त्यातून आपल्याला दिसायचं नाही, असं त्याचा बाप म्हणायचा. चोवीस वर्षांत सुताराने एकही फळी दुसऱ्याच्या मापावर कापली नव्हती. एवढं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्याची बायको मोजणी खात्यात होती. लोकांच्या जमिनींच्या हद्दी मोजून द्यायच्या हे तिचं काम. त्यामुळे नवरा इंचात भांडायचा आणि बायको मीटरमध्ये. घरात टेपा सात आणि कात्री एक, आणि ती एकही वेळेला सापडायची नाही. तरी संसार ठीक चालला होता. ठीक चालला नव्हता तो फक्त रविवारी, जेव्हा बायकोचे वडील जेवायला यायचे.

त्यांना सगळे सर म्हणत. तेहतीस वर्षं त्यांनी शाळेत इतिहास शिकवला. पाठीमागे मुलं त्यांना ‘अर्धेसर’ म्हणत, कारण पूर्ण गुण त्यांनी जन्मात कुणाला दिला नाही. उत्तर बरोबर असलं तरी अर्धा कापायचाच, नाहीतर मुलगा शेफारतो. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली होती, पण खिशाला लाल पेन अजून होतं. घरी लग्नपत्रिका आली की ते आधी तिचं शुद्धलेखन तपासत आणि मग तारीख बघत.

सातवीला त्यांची मुलगी त्यांच्याच वर्गात होती. सहामाहीला प्रश्न आला, किल्ल्याच्या मोठ्या दरवाजाची उंची किती? पुस्तकात उत्तर होतं, सात हात. मुलीने लिहिलं, ‘कुठे मोजली त्यावर अवलंबून.’ प्रश्न अर्ध्या गुणाचा होता. सरांनी शून्य दिलं आणि त्या अर्ध्या गुणाने पोरीचा पहिला नंबर गेला.

या गोष्टीला बत्तीस वर्षं झाली. पोरगी नोकरीला लागली, लग्न झालं, कानाजवळचे केस पांढरे झाले, पण तो अर्धा गुण काही जुना होईना. जेवणात मीठ कमी पडलं तरी विषय फिरून तिथेच यायचा. सर म्हणायचे, पुस्तकात सात हात आहे. ती म्हणायची, दरवाजा कमानीचा आहे ना, मधे सात असेल, कडेला कशी असेल? सर म्हणायचे, प्रश्नात कड विचारली नव्हती. ती म्हणायची, मध्यही विचारला नव्हता. आणि मग दोघं एकदमच सुताराकडे बघायची, न्याय कर म्हणून. लग्नाला चौदा वर्षं झाली होती आणि चौदा वर्षं या क्षणाला सुतार पाणी प्यायला उठत होता.

शेवटी त्याचंच डोकं फिरलं. तीन दिवसांची जोडून सुट्टी आली तसं त्याने जाहीर केलं, की आपण तिघं जाऊ, दरवाजाला टेप लावू आणि हा विषय कायमचा मिटवू. हातच्या कांकणाला आरसा कशाला? यावर सर आयुष्यात पहिल्यांदा गप्प बसले. मग हळूहळू उलगडलं, की तेहतीस वर्षं शिकवलेला तो दरवाजा सरांनी कधी डोळ्यांनी पाहिलाच नव्हता. शाळेच्या सहली दुसरे शिक्षक नेत. तरुणपणी सरांना गाडी लागायची आणि आता गाडीत लघवी लागायची, दर पाऊण तासाला. म्हणून मग भाड्याची घरगाडी, संडासासकट. सासूबाईंना येता का विचारलं तर त्यांनी हसून दार लावून घेतलं. सर तीन दिवस घराबाहेर, यापेक्षा मोठी सुट्टी त्यांना नको होती.

पहिल्या दिवशी जुना राजवाडा होता. तो त्यांनी पाच तास पाहिला, लांबून. सुट्टीमुळे अख्ख्या दुनियेला एकाच दिवशी इतिहासाचं प्रेम आलं होतं. मोठ्या गाड्या उभ्या करायची जागा राजवाड्याच्या दोन किलोमीटर अलीकडे होती आणि तेवढं चालणं सरांच्या गुडघ्यांना झेपणारं नव्हतं. मनोऱ्याचं टोक खिडकीतून दिसत होतं, त्यावर सरांनी पाऊण तास माहिती दिली. गाडीतल्या कपाटांना बिजागऱ्या अशा काही बसवल्या होत्या, की प्रत्येक वळणाला बश्या बाहेर येऊन तिघांना भेटून जात. परक्याचं वाईट काम बघून सुताराचे हात शिवशिवायचे. राजवाडा बंद झाला तरी तो बिजागऱ्याच पिळत बसला होता.

दुसऱ्या दिवशी विजयस्तंभ होता. सर संडासातून आले की साखळी दोनदा ओढत, त्यामुळे स्तंभाच्या अलीकडेच टाकीतलं पाणी संपलं. पाणी भरायच्या नळावर घरगाड्यांची रांग होती. नंबर लागेस्तोवर ऊन कललं आणि स्तंभाची लांबच लांब सावली तेवढी गाडीवरून सरकून गेली. सरांनी सावलीवरूनही स्तंभाचा काळ सांगितला. शिवाय ते मागे बसल्या बसल्या जावयाच्या गाडी चालवण्याला गुण देत होते. सरळ रस्ता सहा, वळण साडेपाच, ब्रेक साडेतीन. जावई म्हणजे दशमग्रह असं लोक म्हणतात. लोकांनी एकदा तीन दिवस सरांबरोबर गाडीत बसून बघावं.

पण सुतार सगळं गिळत होता, कारण तिसऱ्या दिवशी दरवाजा होता. एकदा टेप लागली, की चौदा वर्षांची कटकट संपणार होती. बायकोही सकाळपासून कमी बोलत होती. तिने पर्समधली खात्याची टेप दोनदा काढून पाहिली आणि परत ठेवली. “अर्धाच गुण आहे गं,” सुतार तिला समजावायला गेला. “अर्धा असो नाहीतर पाव,” ती म्हणाली, “बाबांनी एकदा म्हणायला पाहिजे की माझं बरोबर होतं. मला नंबर नकोय आता. फक्त म्हणायला पाहिजे.”

रस्ता थेट दरवाजातूनच आत जात होता. गाडीतळ आत, तिकीटघर आत, संडास आत. दरवाजाच्या तोंडावर सुट्टीनिमित्त ‘हार्दिक स्वागत’ असा भलामोठा कापडी फलक बांधलेला होता. सुताराने गाडी थांबवली आणि मान वाकडी करून वर पाहिलं. मागे गाड्यांची शेपटी लागली होती, ती भोंगे वाजवायला लागली.

“थांब, मी उतरून मोजते,” बायको म्हणाली.

“त्यात मोजायचं काय?” सर मागून म्हणाले. “सात हात. दीड फुटाचा एक हात, म्हणजे साडेदहा फूट. गाडी दहा फूट दोन इंच. चार इंच शिल्लक राहतात, जावईबापू. चला.”

“कुठे मोजली, बाबा?”

सरांनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. “जावईबापू,” ते शांतपणे म्हणाले, “माझ्यावर विश्वास नसेल तर खुशाल उतरा आणि मोजा.”

आता सांगा, माणसाने करायचं काय? उतरून मोजावं तर सासऱ्याच्या तोंडावर त्यांना खोटं ठरवल्यासारखं. न मोजावं तर बायको. इकडे आड तिकडे विहीर आणि मागे पन्नास भोंगे. सुताराने चोवीस वर्षांत पहिल्यांदा दुसऱ्याच्या मापावर भरवसा टाकला आणि गाडी आत घातली.

निम्मी गाडी अगदी लोण्यासारखी गेली. पण आतला रस्ता किंचित चढाचा होता आणि चढाबरोबर गाडीही वर चढत होती. वर काहीतरी करकरलं. सुताराला वाटलं परत ते मेलं कपाटच उघडलं, म्हणून त्याने जरा जास्तच पाय दाबला. मग एक दणका बसला, सगळ्या बश्या एकदम भेटायला आल्या आणि गाडी थांबली. मागे घेऊ गेला तर चाकं जागच्या जागी फिरली. टपाचे वरचे दोन्ही कोपरे कमानीच्या खांद्यांत जाऊन गच्च बसले होते. दारं उघडून बघितली, ती चार बोटं उघडून दगडाला टेकली.

सर ओट्याजवळच्या खिडकीत आले. खिडकीबाहेर एक काळा दगड होता, नाकापासून वीतभर. दुसरं काहीच दिसत नव्हतं.

“हाच का तो?” सरांनी विचारलं.

बायको टेबलावर चढली, टपाच्या मधोमध हवेसाठी होती ती झडप तिने उघडली आणि टेप वर सरकवली. मग सर्व्हेच्या कागदावरून वाचावं तसं वाचून दाखवलं, की गाडीच्या मधोमध कमानीपर्यंत चार इंच मोकळे आहेत. सरांचा चेहरा उजळला. बरोब्बर चार, म्हणजे सात हात. मग तिने हात लांब करून कडेला चाचपलं आणि सांगितलं, की कडेला शून्य आहे, किंबहुना शून्यापेक्षाही कमी आहे, दगड गाडीत आलाय. तिचाही चेहरा उजळला. म्हणजे दोघंही बरोबर होते. मिटवायला आणलेला विषय दुप्पट होऊन समोर उभा होता. सात हात दरवाजाचे होते, आठवा सुताराने टेकला.

गाडीच्या मागच्या बाजूला सामान ठेवायचं एक छोटं दार होतं, तेवढंच उघडत होतं. त्यातून सुतार रांगत बाहेर पडला तर समोर पहारेकरी, शे-दीडशे माणसं आणि मधोमध किल्ल्याचे देखरेख अधिकारी. अधिकारी अंगाने दोन माणसांएवढे होते आणि छातीशी एक फाईल घट्ट धरून उभे होते. उंचीची पाटी दिसली नाही का, मोठ्या गाड्यांना पलीकडून रस्ता आहे हे वाचलं नाही का, असं ते ओरडत होते. पाटी कुठे आहे, असं सुताराने विचारलं. अधिकाऱ्यांनी हात करून दाखवला. तिथे ‘हार्दिक स्वागत’ होतं. पहारेकऱ्याने हळूच सांगितलं, की साहेब, पाटी या फलकाच्या मागे आहे, तुम्हीच तिथे बांधायला सांगितलं होतं. त्यानंतर अधिकाऱ्यांचा आवाज बराच खाली आला.

मग सल्ले सुरू झाले. आपल्या माणसाला स्वतःची गाडी धड लावता येत नाही, पण दुसऱ्याची अडकली की तो इंजिनियर होतो. टायरची हवा सोडा, असं निम्म्या रांगेने सांगितलं. पण पुढची चाकं भिंतींमधे होती, तिथे हात जात नव्हता. ओढून काढा, असं उरलेल्यांनी सांगितलं. त्यावर अधिकारी घाबरे झाले. ओढताना एक दगड जरी हलला तरी त्यांची नोकरी गेली असती, आणि ओढायची गाडी सुट्टी संपल्याशिवाय येणार नव्हती.

सुतार गाडीखाली आडवा झाला. चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या त्याने बघितल्या, दाबून बघितल्या आणि तिथेच पडल्या पडल्या हसला. फळीवर पुस्तकं जास्त झाली की फळी बसते. गाडीचं तेच. आत वीस-बावीस माणसं भरली तर ती दोन बोटं खाली बसेल, आणि तेवढीच हवी होती. त्याने उठून लोकांना हात जोडले, की जरा आत येऊन बसा. जमाव दोन पावलं मागे सरला. अडकलेल्या गाडीत जाऊन बसायची कुणाला हौस? सुतार परत परत समजावत होता आणि लोक मान हलवत होते.

तेवढ्यात पुढच्या एका बाईंनी दबक्या आवाजात विचारलं, “अहो, आत संडास आहे का?”

पुढचं फार भराभर झालं. सकाळपासून रांगेत ताटकळलेली माणसं, आणि संडास सगळे दरवाजाच्या पलीकडे. पहारेकऱ्याचं स्टूल लावलं गेलं आणि मागच्या छोट्या दारातून लोक एकामागून एक आत शिरायला लागले. काम झालं की सुतार त्यांना बाहेर पडू देत नव्हता. पलंगावर सहा, बाकांवर आठ, खाली बसकण मारून सात आणि सगळ्यात शेवटी, दोघांनी खालून ढकलल्यावर, अधिकारी. सुतार त्यांच्या अंगावरून सरपटत पुढे जाऊन स्टिअरिंगशी बसला. बायको परत टेबलावर चढून झडपेत उभी राहिली. कुणी हलू नका, असं सगळ्यांना बजावलं गेलं.

माणसं ओळीने बसलेली, गप्प, आणि उठायची सोय नाही. सरांनी ते पाहिलं आणि त्यांचे गुडघे दुखायचे थांबले. अकरा वर्षांनी त्यांना वर्ग मिळाला होता. ते ओट्याला टेकून उभे राहिले, घसा साफ केला आणि किल्ल्याची सगळी हकिकत सांगायला लागले. लोकही बिचारे मन लावून ऐकत होते, करतात काय! वरून बायको एक बोट, दीड बोट असा हिशेब पुढे कळवत होती, आणि सुतार कासवाच्या पायाने गाडी मागे घेत होता.

“आता सांगा,” सरांनी पलंगावरच्या टक्कलवाल्या माणसावर बोट रोखलं, “या दरवाजाची उंची किती?”

टक्कलवाल्याने खिडकीतल्या दगडाकडे बघितलं. टप दबून आलेल्या कोपऱ्याकडे बघितलं. “कुठे मोजायची, सर?” त्याने विचारलं.

“बसा खाली,” सर म्हणाले. तो बसलेलाच होता. सरांनी बाकावरच्या चष्मेवाल्या मुलीला विचारलं. “मधे की कडेला?” ती म्हणाली. सरांनी शेवटची आशा म्हणून अधिकाऱ्यांकडे पाहिलं. हे तर सरकारी माणूस, पुस्तकातलंच सांगणार.

“आमच्या नोंदीत पाच उंच्या आहेत,” अधिकारी जमिनीवरून म्हणाले. “मधली, डावी, उजवी, बाहेरच्या तोंडाची आणि आतल्या. लोक उगाच सात हात सात हात करतात.”

बायकोचे झडपेखाली नुसते पाय दिसत होते. ती एवढंच म्हणाली, “सुटली. घे मागे.” आणि गाडी हलकेच मागे सरकत उन्हात आली.

लोक टाळ्या वाजवत उतरले आणि धावत दरवाजातून आत गेले. अधिकाऱ्यांनी कमानीचे दगड हाताने चाचपून पाहिले, एकालाही खरचटलं नव्हतं. गाडीचे दोन कोपरे मात्र चेपले होते. सर जावयाच्या खांद्याला धरून खाली उतरले आणि दरवाजासमोर उभे राहिले. पहिल्यांदाच. बराच वेळ त्यांची मान वरच होती. मधून डावीकडे, डावीकडून परत मधे, मग उजवीकडे.

“पुस्तकात अंगठ्याएवढा होता,” ते म्हणाले. “त्यात कडा कुठल्या दिसणार?”

अधिकारी अर्ज घेऊन आले. वाहन अडकल्याचा छापील अर्ज, तो भरून दिल्याशिवाय जाता येणार नव्हतं. पाचव्या रकान्यात होतं, ‘दरवाजाची उंची चालकास ठाऊक असल्यास लिहावी.’ सुताराने पेन मागितलं, पण सर म्हणाले, “द्या इकडे.” त्यांनी आधी छापील मजकुरातल्या दोन चुका लाल शाईने दुरुस्त केल्या. मग पाचव्या रकान्याशी थांबले. त्यांनी सावकाश लिहिलं, ‘कुठे मोजली त्यावर अवलंबून.’ समासात गुण टाकले, त्यांच्याभोवती गोल काढला, खाली सही, तारीख. आणि अर्ज अधिकाऱ्यांना न देता मुलीच्या हातात दिला.

“तुझं बरोबर होतं,” ते दरवाजाकडे बघतच म्हणाले.

तिला रडू आलं. चव्वेचाळीस वर्षांची बाई, लोकांच्या बांधांवर उभी राहून भांडणारी, भर रस्त्यात लहान पोरीसारखी रडली. चेपलेले कोपरे, आखूड पलंग, बिजागऱ्या, सगळं वसूल झालं असं सुताराला वाटलं. संपलं एकदाचं. तो अर्ज परत घ्यायला पुढे झाला, तर ती द्यायला तयार नव्हती. हा मी ठेवणार, तुम्ही दुसरा भरा, असं तिने अधिकाऱ्यांना सांगितलं. दुसरा नाही, सुट्टी आहे, असं अधिकाऱ्यांनी सांगितलं. तिने अर्ज पर्समध्ये घातला, मग डोळे पुसून पुन्हा एकदा बाहेर काढला आणि नीट वाचला.

“बाबा, हा पाव का दिलाय?”

“अर्धाच दिला होता,” सर म्हणाले. “पाव शुद्धलेखनाचा कापला. ‘अवलंबून’मधला बू तू ऱ्हस्व काढला होतास. मला पक्का आठवतो.”

“मी दीर्घ काढला होता.”

“ऱ्हस्व होता.”

“दीर्घ होता. पेपर आहे माझ्याकडे, माळ्यावर ठेवलाय.”

“मग दाखव.”

आणि दोघंही एकदमच सुताराकडे बघायला लागली. सुतार गाडीत चढला, ओट्यापाशी गेला आणि पाणी प्यायला पेला नळाखाली धरला. नळ नुसताच फुसफुसला. बावीस माणसांनी टाकी रिकामी केली होती.